चिलटांपुढे मान तुकवावी!

शिक्षणासाठी स्कॉटलंडात होतो तेव्हा तिथल्या कड्यांवर थोडीफार चढाई केली, असे कळले की आपल्या गिर्यारोहण मंडळातली मुले हमखास विचारतात, "सर, तिथे सर्वांत मोठा धोका कशाचा? थंडीचा, की निसटत्या दगडांचा?" मी सांगतो, "चिलटांचा." मुले हसतात. त्यांनी हसू नये, म्हणून हा लेखप्रपंच.

हे चिलट पुरते दोन मिलिमीटरही भरत नाही. हायलँड्सच्या आम्लधर्मी, दलदलीच्या जमिनीत त्याच्या अळ्या वाढतात आणि मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ढगच्या ढग उठतात. चावते ती मादी. अंड्यांची पहिली खेप ती रक्तावाचून घालते. पुढच्या खेपेला मात्र तिला रक्त हवे. आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला आपला पत्ता देतो. तिथे ती माणसाला रोगबिग देत नाही. फक्त जीव नकोसा करते.

ग्लेन नेव्हिसच्या खोऱ्यात पोलडूचे कडे आहेत. जुलैची संध्याकाळ, आभाळ भरलेले, पान हलत नव्हते. मित्र वर चढत होता, मी खाली उभा राहून बिले देत होतो. चढणारा निदान हलता असतो. बिले देणारा खांबासारखा उभा, आणि दोन्ही हात दोरात गुंतलेले. चिलटांना याहून सोयीची पंगत कोणती? पुण्याहून नेलेल्या मच्छरदाणीचा तुकडा मी टोपीला शिवला होता; पण तिची भोके डासांच्या मापाची! चिलटे खुशाल आत शिरली आणि आतच घोटाळत राहिली. डोळ्यांत, कानांत, नाकात. शेवटी न राहवून मी दोर अडवणारा हात सोडला आणि डोळा चोळला. नेमका तेव्हाच मित्राचा पाय सुटला.

दोर सरसर धावला. मी तो धरेपर्यंत मित्र एका कपारीवर आदळून थांबला होता. माझा तळहात पोळला, त्याचा घोटा मुरगळला. त्याहून अधिक काही झाले नाही, हे केवळ नशीब. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. ते न बोलणे मला आजही चावते.

कुणी म्हणेल, सोसणे हेच तर गिर्यारोहण! जाळी घालणारा तो नाजूक, ही थट्टा मी तिथे ऐकली आणि हेल्मेट घालणाऱ्याची थट्टा इथे सह्याद्रीतही ऐकतो. माझे मत स्पष्ट आहे. स्वतःच्या कातडीपुरते हवे तेवढे सोसावे. पण हातात दुसऱ्याचा दोर असताना आपली सहनशक्ती पणाला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. तो जुगार दुसऱ्याच्या जिवावर असतो.

उपाय अवघड नाहीत. ताशी दहा-बारा किलोमीटरचा वारा असला की चिलटांना उडता येत नाही. म्हणून झाडीतला, आडोशाचा कडा सोडून वाऱ्यावरची धार किंवा समुद्रकाठचा कडा निवडावा. पहाट-संध्याकाळ टाळावी. बारीक विणीची जाळी आधीच डोक्यावर चढवावी, बाह्या लांब असाव्यात. इकॅरिडिन किंवा डीट लावावे. मात्र डीट काही प्लास्टिके खराब करते, म्हणून हेल्मेटला हात लावण्यापूर्वी तळवे पुसावेत. आणि इतके करूनही वारा पडलाच, तर मुकाट्याने गाशा गुंडाळावा.

आपल्या कड्यांवर आग्या मोहोळ दिसले की जाणती माणसे वाट बदलतात. त्यांना कुणी भित्रे म्हणत नाही. मग चिलटापुढे मान तुकवण्यात कमीपणा कसला? कडा उद्याही तिथेच असतो. दोराच्या दुसऱ्या टोकाचा मित्रही उद्या असावा, एवढी काळजी घेणे आपल्या हातात आहे.