साडेनऊ हजारांची सहल

मागच्या मे महिन्यात माझी चार महिन्यांची थकलेली फेलोशिप एकदम खात्यावर जमा झाली. असे पैसे आले की पहिल्या पिढीतल्या पदवीधराच्या डोक्यात आधी यादी तयार होते. कुणाची उसनवारी, घरावरचे पत्रे, ताईच्या मुलांची फी, आईचे दात. त्या यादीत कुठेही नसलेली गोष्ट मी केली. आई, ताई, भाऊजी आणि ताईची दोन मुलं यांना नांदेडहून हैदराबादला बोलावून घेतलं आणि सगळ्यांना शहराबाहेरच्या एका मोठ्या थीम पार्कला नेलं. तिकिटं, जाण्यायेण्याचा खर्च, आतलं जेवण, लॉकर आणि पाण्यात उतरायचे भाड्याचे कपडे धरून दिवसाचे साडेनऊ हजार झाले. आई नांदेडला एका दवाखान्यात कंत्राटी सफाई कामगार आहे. तिला महिन्याला अकरा हजार मिळतात.

हा हिशोब सुरुवातीलाच मांडतेय, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी तो मनात सुरू केलेला असेल. त्या दिवशी मीही दर तासाला तोच करत होते.

आमच्या घरात सहल हा शब्द मी पहिल्यांदा भेटले तो शाळेच्या निबंधात. पाचवीला 'सुट्टीतील सहल' असा निबंध आला होता. मी गाईडमधून महाबळेश्वर उतरवून काढलं. खरं तर त्या सुट्टीत मी आईबरोबर वीटभट्टीवर होते. बाईंनी दहापैकी आठ गुण दिले. महाबळेश्वर मी आजही पाहिलेलं नाही.

याचा अर्थ आम्ही कुठे जातच नव्हतो असा नाही. १४ जानेवारीला औरंगाबादला विद्यापीठाच्या गेटवर जायचो. बाबा होते तोवर दोनदा नागपूरला दीक्षाभूमीवर आणि एकदा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो. ट्रकमध्ये बसून गाणी म्हणत जायचं, मैदानावर चादर अंथरून झोपायचं, येताना एक कॅलेंडर आणि दोन पुस्तकं आणायची. आनंद त्यातही खूप होता. पण त्या प्रवासाला कारण होतं, इतिहास होता, रांगेत उभं राहून वाहायचं अभिवादन होतं. कसलंही कारण नसताना, फक्त मजेसाठी सगळ्या घराने घराबाहेर पडायचं, हे आमच्या तीन पिढ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा घडत होतं.

आणि ते गेटवरच अडलं.

आईने पहाटे तीनला उठून माझ्या खोलीतल्या शेगडीवर ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, पिठलं, उकडलेली अंडी. सुरक्षारक्षकाने पिशवी उघडली आणि फळीवर लिहिलेला नियम दाखवला. बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही. आई त्याच्याशी मराठीत बोलू लागली, तो तेलुगूत आणि तुटक हिंदीत. आईचा आवाज चढला. मागे रांग थांबली होती. मी आईचा दंड धरला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आई, इथं तमाशा नको करू. दे टाकून ते."

आईने माझ्याकडे पाहिलं. "टाकायची नाही बाप्पा. लेकरं इथंच खातील," एवढं बोलून ती पिशवी घेऊन रांगेतून बाहेर पडली. कुंपणाच्या भिंतीला सावली होती. तिथे फुटपाथवर फडकं पसरून ती बसली. ताई, भाऊजी, मुलं तिच्याभोवती बसली. बसमधून उतरणारी माणसं त्यांच्याकडे बघत पुढे जात होती. मी चार पावलांवर पाठ करून, मोबाइलमध्ये तिकिटं शोधत असल्यासारखी उभी राहिले. तिकिटं तर सापडलेलीच होती.

नऊ वर्षांच्या भाचीने नंतर विचारलं, "मावशी, तू का नाही जेवलीस?" मी म्हणाले, भूक नव्हती. मी ज्या प्रबंधावर काम करतेय त्यात प्रतिष्ठा या संकल्पनेवर एक अख्खं प्रकरण आहे.

आता इथे कुणी विचारेल, यात जात कुठे आली? नियम सगळ्यांना होता. बरोबर. आम्हाला कुणी आडनाव विचारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पण आम्ही भिंतीला बसलो असताना आणखी एक कुटुंब त्याच रक्षकापाशी आलं. त्यांच्याकडेही डबे होते. त्यातले गृहस्थ इंग्रजीत बोलले, व्यवस्थापकाला बोलवा म्हणाले, आईंना पथ्य आहे म्हणाले. पाच मिनिटांत डबे आत गेले. ते खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की नियमाशी बोलता येतं. आमच्या आईच्या अनुभवात नियम बोलत नाही, तो फक्त हाकलतो. आणि मला, समाजशास्त्रात एमए केलेल्या मुलीला, रक्षकाशी बोलण्यापेक्षा आईला गप्प करणं सोपं वाटलं. सांस्कृतिक भांडवल म्हणजे काय हे मी अनेकदा वर्गात समजावून सांगितलं आहे. तिथे ते माझ्यासमोरून डबा घेऊन आत गेलं.

गेटवरून आत गेल्यावर मला १९३४ सालची एक सहल आठवत राहिली. बाबासाहेब आणि चळवळीतले त्यांचे सहकारी, सगळे मिळून तीसेक जण, वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. हे काही सभेला निघाले नव्हते, स्थळं पाहायला निघाले होते. वाटेत त्रास नको म्हणून त्यांनी आपली ओळख कुठे जाहीर न करता प्रवास करायचं ठरवलं होतं. दौलताबादच्या किल्ल्याबाहेर पाण्याने भरलेला एक लहान हौद होता. प्रवासाने धुळीने माखलेल्या काही जणांनी त्यात हातपाय धुतले आणि पाणी बाटवलं म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला. शेवटी किल्ला पाहता आला तो एका अटीवर, आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही. लक्ष ठेवायला सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला होता. तो किल्ला तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. आमचं नांदेडही त्याच संस्थानात होतं. अस्पृश्यता धर्माची वेस ओलांडून कशी पसरते हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये या प्रसंगातून सांगितलं आहे. मला त्यातली आणखी एक गोष्ट टोचते. परदेशातून पदव्या घेऊन आलेल्या, गोलमेज परिषदेत बोलून आलेल्या माणसालाही सहलीला जाताना ओळख झाकावी लागली होती. गेटवर आईकडे पाठ करून मी तरी दुसरं काय केलं? फरक इतकाच की त्यांना जमावापासून वाचायचं होतं आणि मला लाजेपासून.

करमणुकीची जागा ही किरकोळ गोष्ट नाही, हे संविधान लिहिणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर दुकानं, उपाहारगृहं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्यातही हा प्रश्न होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. टीव्हीवर जाहिरात पाहिलेल्या करमणूक बागेत आपण का जाऊ शकत नाही, हे तिला सांगताना बापाची जीभ कशी अडखळते ते त्यांनी लिहिलं आहे. त्याच वर्षी बाल्टिमोरजवळचं ग्विन ओक पार्क आंदोलनं आणि अटकसत्रानंतर काळ्या मुलांसाठी खुलं झालं. तारीख होती २८ ऑगस्ट, वॉशिंग्टनच्या मोर्चाचा दिवस. मोठी माणसं मोर्चात चालत होती त्याच दिवशी त्या पार्कमध्ये एक काळी मुलगी मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर बसली.

पार्कहून आल्यावर मला दोन बाजूंनी ऐकावं लागलं. विभागातली एक मैत्रीण म्हणाली, "थीम पार्क? अगं, उपभोगवादाचं मंदिर आहे ते." तिचं बालपण दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या डोंगरावर गेलं आहे. पोट भरल्यावर जेवणावर टीका करता येते, ती कधी बरोबरही असते. पण जे ताटावर कधी बसलेच नाहीत त्यांना उपवासाचं महत्त्व सांगू नये. दुसरं बोलणं आपल्यातलंच. गावाकडचे एक काका फोनवर म्हणाले, "एवढ्या पैशात समाजाच्या दहा पोरांना पुस्तकं आली असती." हे मला जास्त लागलं, कारण ते खोटं नाही.

तरीही मला काकांना उत्तर द्यायचं आहे. आपल्या प्रत्येक रुपयाला फळ आलंच पाहिजे, आपल्या प्रत्येक तासातून काहीतरी निपजलंच पाहिजे, ही अट आपल्यावर कुणी घातली? शेकडो वर्षं आपल्या माणसांचा देह हा फक्त कामाचा देह मानला गेला. बलुत्याचं काम, वेठीचं काम, मेलेलं ढोर ओढायचं काम. फुरसत ज्यांच्या वाट्याला आली त्यांनी तिच्यातून संगीत, शास्त्र, पुराणं काढली आणि वर आपल्याला आळशी म्हटलं. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात बाबासाहेब यंत्रांची बाजू घेतात ती नेमकी याच कारणासाठी. यंत्राने माणसाचे कष्ट कमी व्हावेत, त्याला फुरसत मिळावी, फुरसतीतून संस्कृती उभी राहावी, आणि लोकशाही समाजात हे मूठभरांना नव्हे तर प्रत्येकाला मिळावं, असं ते मांडतात. आणि संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगारांसाठी निर्वाह वेतनाच्या जोडीला फुरसतीचा पूर्ण उपभोग हेही राज्याचं उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे. फुरसत हा शब्द आपल्या संविधानात आहे. मी एमए होईपर्यंत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुपारी आम्ही लाटांच्या तलावाकडे गेलो. भाचा उंचीच्या पट्टीत दोन बोटं कमी पडल्याने मोठ्या पाळण्यावरून परत पाठवला गेला होता, म्हणून रुसला होता. पाण्यात मात्र त्याला कुणी अडवलं नाही. भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या. कमरेएवढ्या पाण्यात शेकडो माणसं एकमेकांवर आदळत होती, ओरडत होती, एकमेकांच्या तोंडचं पाणी गिळत होती. तिथे कोण कुणाचं हे कळायला मार्ग नव्हता. १९२७ साली ज्या ओंजळभर पाण्यासाठी महाडला डोकी फुटली, त्या पाण्याचा प्रश्न या हौदात तरी कुणाच्या मनात नव्हता. बाजाराने हे केलं, हे मान्य केलं पाहिजे. आमच्याकडच्या जत्रेत पाळण्यावर बसायला मिळतं, पण पालखीचा मान कुणाचा, हलगी वाजवायची कुणी, हे ठरलेलं असतं. इथे तिकीट जात विचारत नव्हतं.

पण तिकीट महिन्याचा पगार विचारत होतं. आणि मला सहा तास न दिसलेली गोष्ट आईला अर्ध्या तासात दिसली.

साडी नेसून पाण्यात उतरायला परवानगी नव्हती आणि भाड्याचे नायलॉनचे कपडे घालायला आई तयार नव्हती. ती आमच्या चपला सांभाळत काठावर बसली. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती मॉप घेतलेल्या एका बाईशी बोलत होती. त्या बाईंचं माहेर देगलूरकडचं, त्यामुळे मराठी येत होतं. आईने तोवर सगळं विचारून घेतलं होतं. पगार किती, पीएफ कापतात का, पावती देतात का, बसायला स्टूल आहे का. निघताना आई म्हणाली, "तीन वर्सं झाली तिला हितं. तिच्या लेकरानं आजून ह्यो पाळणा आतून बघितला नाही." मग जेवणाच्या हॉलमध्ये आईने आमच्या ताटल्या एकात एक रचल्या, टेबल पदराने पुसलं. मी म्हणणार होते, राहू दे, त्यासाठी इथे माणसं आहेत. सकाळ आठवली आणि गप्प बसले. मग मीही शेजारच्या टेबलावरचे ग्लास उचलले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच नाही की आपणही मजा करू. ते तर करूच, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागू नये, काकांचीही नाही. पण आपल्यातल्या एका घराला फेलोशिपच्या थकबाकीतून एक दिवस मिळाला, याला हक्क म्हणत नाहीत. गेट उघडं असणं आणि आत जाता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी मार खाल्ला. दुसरीसाठी आपण काही मागतच नाही. जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या मुलांना वर्षातून एक सहल सरकारी खर्चाने का नको? पालिकेचे पोहण्याचे तलाव कामगार वस्त्यांमध्ये का नकोत? जो माणूस पाळण्याखालची फरशी पुसतो त्याच्या मुलांना वर्षातून एक दिवस तो पाळणा फुकट का नको? कंत्राटी कामगाराला भरपगारी सुट्टी मिळाली नाही तर तो सहलीला जाणार कधी? आई या दोन दिवसांचा पगार कापून आली होती. साडेनऊ हजारांत ते धरलेले नाहीत.

आपण आरक्षणावर, शिष्यवृत्तीवर, अत्याचारांवर बोलतो, आणि बोललंच पाहिजे. त्या यादीत फुरसतही लिहू या. आणि तोवर, पहिला पगार किंवा पहिली फेलोशिप हातात आलेल्या माझ्या भावाबहिणींनो, घरच्यांना एकदा कुठेतरी बिनकामाचं न्या. नदीवर न्या, बागेत न्या, जमलं तर पाळण्यावर न्या. भाकरी बरोबर घ्या. कुणी अडवलं तर आईला गप्प करू नका. तिच्या शेजारी बसा आणि जेवा.

परतीच्या गाडीत भाची वहीत काहीतरी लिहीत होती. शाळा उघडली की बाई सुट्टीवर निबंध लिहायला सांगतात म्हणे. मी वाकून पाहिलं. पहिलं वाक्य होतं, 'आम्ही भिंतीजवळ बसून भाकरी खाल्ली.' तिला गाईडची गरज पडली नव्हती.

जय भीम.