विश्लेषण : सेवा ऑनलाइन झाल्या, नेटवर्कची हमी कोणाची? महाड-पोलादपूरच्या उद्योगांसमोरील प्रश्न

राज्यात ५ डिसेंबर २०२४ रोजी देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली नवे सरकार आले आणि डिजिटल कारभाराच्या घोषणांनी वेग घेतला. महाड आणि पोलादपूरच्या कारखानदाराला यातील बहुतेक घोषणांबद्दल तक्रार नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे. कागद बंद करून सगळे ऑनलाइन सक्तीचे केले, मग लाइन बंद पडली तर जबाबदार कोण?

सरकारच्या योजना काय आहेत?

आधी १०० दिवसांचा कार्यालयीन सुधारणांचा कार्यक्रम झाला. त्यानंतर १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्स कार्यक्रम आला. ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटा कंपनीशी करार झाला. उद्योगांच्या परवानग्यांसाठी ‘मैत्री’ ही एक खिडकी यंत्रणा आहेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्रावर सह्या झाल्या. केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाचा दुसरा टप्पा सुरू केला. त्यात २०३० पर्यंत २.७० लाख गावांना ऑप्टिकल फायबरने जोडण्याचे आणि ती जोडणी ९५ टक्के वेळ चालू ठेवण्याचे उद्दिष्ट आहे.

हा ९५ टक्क्यांचा आकडा ऐकायला बरा वाटतो. पण उरलेले पाच टक्के म्हणजे वर्षातले सुमारे १८ दिवस. कोकणात ते १८ दिवस जुलै-ऑगस्टमध्येच येण्याची शक्यता अधिक!

कारखान्याचे काम इंटरनेटवाचून किती अडते?

महाड एमआयडीसीची ओळख रसायने आणि औषधनिर्मितीची. येथून माल बाहेर पडायचा तर गेटवर ट्रक उभा राहण्याआधी संगणकावर काम व्हावे लागते. वार्षिक उलाढाल पाच कोटींपेक्षा जास्त असलेल्या व्यवसायाला दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. राज्याबाहेर जाणारा माल ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा असेल, तर ई-वे बिल लागते. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. लाइन गेली की ट्रक गेटवरच थांबतो. भाडे मात्र चालू राहते.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. जास्त प्रदूषण करणाऱ्या वर्गातील कारखान्यांना सांडपाणी आणि धुराची मोजणी चोवीस तास ऑनलाइन पाठवावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे तसे निर्देश २०१४ पासूनचे आहेत. जोडणी तुटली की आकडे तुटतात. मग ती रिकामी जागा केबलमुळे की कोणी मुद्दाम यंत्र बंद केल्यामुळे, हे दूरवरच्या कार्यालयातील संगणकाला कळत नाही. प्रामाणिक कारखानदाराला खुलासे द्यावे लागतात आणि लबाडाला आयती सबब मिळते.

मोठी कंपनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेते, जनरेटर ठेवते. पोलादपूरच्या बाजारपेठेतील फॅब्रिकेशनवाल्याला किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जीएसटीचे रिटर्न भरणाऱ्या छोट्या पुरवठादाराला ते परवडत नाही.

लाइन बंद पडण्याबाबत नियमच नाहीत का?

आहेत, आणि खरी गोम तिथेच आहे. ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू केले. सेवा चार तासांहून अधिक बंद राहिली तर कंपनीने ट्रायला कळवायचे आणि २४ तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला बिलात सूट किंवा मुदतवाढ द्यायची, असे त्यात आहे. मात्र ही मोजणी जिल्हा पातळीवर होते. रायगड जिल्ह्यात पनवेल आणि उरणही येतात. दक्षिणेकडचे महाड, पोलादपूर दोन दिवस अंधारात राहिले तरी जिल्हा ‘चालू’च असतो. शिवाय नैसर्गिक आपत्तीमुळे सेवा गेली तर या तरतुदीतून सवलत आहे.

याउलट, महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार सेवेला विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे टेबलावर अडलेल्या अर्जाला दाद आहे. तोच अर्ज तुटलेल्या केबलमुळे भरताच आला नाही, तर दाद कुठे मागायची हे धोरणात लिहिलेले नाही.

२०२१ च्या पुराने काय दाखवले?

२२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तेथे उगम पावणारी सावित्री पोलादपूरमार्गे महाडला येते. शहर बुडाले, वीज गेली, मोबाइल बंद पडले. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक लोक गेले. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. रस्ते बंद आणि फोनही बंद, त्यामुळे मदत पोहोचायला वेळ लागला.

रासायनिक वसाहतीच्या परिसरात याचा अर्थ आणखी गंभीर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड एमआयडीसीतील एका कारखान्यात स्फोट आणि आगीत ११ कामगारांचा मृत्यू झाला. अशी घटना पुराच्या रात्री घडली, तर आजूबाजूच्या गावांना इशारा ज्या मोबाइलवर जायचा तोच बंद असेल.

उद्योगांची मागणी पूर्ण मान्य करावी का?

नाही. डिजिटल धोरणाकडून उद्योगजगताची एक जुनी अपेक्षा असते : प्रत्यक्ष तपासण्या कमी करा, स्वयंघोषणा ऑनलाइन स्वीकारा. कपड्यांच्या दुकानाला ते ठीक. ज्वालाग्राही द्रावकांच्या साठ्याची तपासणी पोर्टलवर फोटो चढवून होत नाही. नेटवर्कची हमी मागणाऱ्या कारखान्यांनी आपल्या सांडपाण्याचे ऑनलाइन आकडे सावित्रीकाठच्या ग्रामपंचायतींना मराठीत, समजतील असे दाखवण्याची तयारीही ठेवायला हवी.

मग करण्यासारखे काय आहे?

पहिले काम स्वस्त आहे. सेवा बंद पडल्याची मोजणी तालुकानिहाय करायची आणि त्या काळातील मुदती आपोआप वाढवायच्या. खोदकामाआधी केबलची माहिती देण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणले. मुंबई-गोवा महामार्गावरील आणि एमआयडीसीतील प्रत्येक ठेकेदाराकडून त्याचा वापर करून घेणे हे प्रशासनाच्या हातात आहे.

दुसरे काम खर्चाचे आहे : फायबरचा पर्यायी मार्ग. घाटातून तो आणणे धोक्याचे, कारण २०२१ मध्ये आंबेनळी आणि वरंध हे दोन्ही घाट ढासळले होते. कोकण रेल्वेच्या मार्गालगत मात्र फायबर आहे आणि वीर स्थानक महाड तालुक्यातच आहे. तेथून एमआयडीसी, ग्रामीण रुग्णालय आणि दोन्ही तहसील कार्यालयांपर्यंत स्वतंत्र जोडणी देता येईल का, याचा अंदाज काढायला नव्या कायद्याची गरज नाही. स्टारलिंकच्या इरादापत्राच्या वेळी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांची नावे घेतली गेली. त्यात रायगड नव्हता.