ग्रीक बेताला तळ्याचाच मासा हवा

नागपुरात ऑलिव्ह तेलाची बाटली आता सहज मिळते आणि तिच्यामागोमाग घरी ग्रीक पद्धतीचा मासा करून पाहण्याची हौसही आली आहे. हौस चांगलीच आहे. माझा आक्षेप आहे तो त्यासाठी आणल्या जाणाऱ्या माशाला. पाककृतीत सी बास लिहिलेला असतो, तो मिळत नाही, म्हणून गोठवलेल्या बासाचे किंवा सॅल्मनचे पाकीट घरात येते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहराने ग्रीक बेतासाठी भंडारा-गोंदियाच्या तळ्यातलाच मासा घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. नाइलाज म्हणून नाही. त्या पद्धतीला तोच मासा शोभतो म्हणून.

ग्रीक स्वयंपाकात माशाला लपायला जागा नसते. ‘प्लाकी’ हा तिथला घरगुती प्रकार पाहा. कांद्याचे उभे काप भरपूर तेलात मऊ होईपर्यंत परतायचे, लसूण-टोमॅटो घालून रस आटवायचा, मीठ-लिंबू लावलेला मासा त्यावर ठेवून, पुन्हा थोडे तेल सोडून भाजायचा. ओव्हन नसला तर जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर शिजवला तरी छान होतो. मसाला जवळजवळ नाहीच. सावजी रश्शाची ताकद अशी की बर्फात दोन दिवस काढलेला मासाही त्यात खपून जातो. इथे तसे होत नाही. गोठवलेला तुकडा वितळताना पाणी सोडतो, कांदा-टोमॅटोचा रस पातळ होतो आणि मासा भाजण्याऐवजी उकडला जातो. कल्ले लालभडक, डोळे पाणीदार आणि बोटाने दाबले तर खळगा न राहणारा मासा हाच या पदार्थाचा मसाला. तो ज्या गावाला जिथून लवकर मिळेल तिथूनच घ्यायला हवा.

‘पण ग्रीक मासा म्हणजे समुद्राचाच ना?’ असे विचारले जाईल. उत्तर ग्रीसमधल्या कास्तोरिया, प्रेस्पा या सरोवरांकाठच्या लोकांना पुसावे. तिथे गोड्या पाण्यातला कार्प कांदा-टोमॅटोवर भाजतात. आपले रोहू आणि कटला त्याच कुळातले. अस्सलतेचा फार आग्रह धरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की टोमॅटो मूळचा अमेरिकेतला. ग्रीक स्वयंपाकघरात तो रुळला एकोणिसाव्या शतकात.

आपल्याकडे तर तळ्यांचा वारसाच आहे. कोहळी समाजाने पूर्व विदर्भात धानासाठी बांधलेले हजारो तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले, ‘माजी मालगुजारी’ ठरले आणि त्यातले कित्येक गाळाने, बेशरम नावाच्या झुडपांनी भरत गेले. तिथे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची मिळकत तळ्याच्या प्रकृतीवर अवलंबून. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने ढिवरांनाच हाताशी धरून बेशरम उपटली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे जपले. या कष्टाला शहरातून गिऱ्हाईक मिळायला हवे. नागपूरच्या बाजारात आंध्रच्या शेततळ्यांतला, बर्फातून आलेला रोहूही असतो. दोन्ही शेजारी मांडलेले असतात आणि आपण विचारत नाही. मासा कुठला, हे विचारावे आणि स्थानिकाला दोन पैसे जास्त द्यावेत.

तळ्याच्या माशाला चिखलाचा वास येतो, ही तक्रार खरी आहे. तो येतो जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे, आणि आम्लात त्याचा जोर मोडतो. ग्रीक पद्धतीत लिंबू सढळ हाताने असतेच. मासा आधी अर्धा तास मीठ-लिंबात ठेवला की काम होते. आरोग्याचा मुद्दा जास्त वजनदार आहे. समुद्रातल्या तेलकट माशांत ओमेगा-३ जास्त असते, हे मान्य. पण ॲन्सेल कीज या संशोधकाने आहार आणि हृदयविकाराचा संबंध शोधायला १९५८ पासून ज्या सात देशांचा अभ्यास केला, त्यातल्या क्रीटच्या शेतकऱ्याचे ताट मुख्यतः भाकरी, कडधान्ये, भाज्या आणि आपल्याच रानातल्या तेलाचे होते. आपल्याकडे विदर्भात रानातले तेल म्हणजे जवसाचे. त्यातही वनस्पतीतले ओमेगा-३ भरपूर असते. मात्र ते आचेला सोसत नाही. परतायला शेंगदाण्याचे तेल घ्यावे आणि जवसाचे चमचाभर, ताट वाढताना वरून.

राहिले काटे. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुकाट्या असतात आणि त्या भाजून जात नाहीत. घरात लहान मुले किंवा म्हातारी माणसे असतील तर मरळ घ्यावी. भाव चढा असतो, पण मधला काटा काढला की जवळपास सगळे मांस मोकळे. इतरांनी दोन किलोच्या वरचा कटला घ्यावा. मोठ्या माशाचे काटेही मोठे असतात, बोटांना चटकन लागतात. पोटाकडच्या भागात ते कमीच, आणि प्लाकीच्या रसात तोच भाग सगळ्यांत चविष्ट लागतो.