हिरोशिमाचा तास

६ ऑगस्ट हा हिरोशिमाचा दिवस. अधिवेशन चालू असले तर संसदेची सभागृहे या दिवशी उभी राहून हिरोशिमा-नागासाकीच्या मृतांना आदरांजली वाहतात आणि मग कामकाजाला, म्हणजे बहुधा गदारोळाला, लागतात. आपल्याकडच्या कित्येक शाळांत परिपाठाला चार ओळी वाचल्या जातात, कार्यानुभवाच्या तासाला कागदाचे करकोचे होतात आणि सादाको सासाकीची गोष्ट सांगितली जाते. स्फोटाच्या वेळी ती दोन वर्षांची होती, १९५५ मध्ये बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली, शेवटपर्यंत करकोचे घडत राहिली. मुले हळहळतात. पुढचा तास गणिताचा असतो.

हळहळीत वाईट काही नाही, पण ती फार लवकर आटोपते. युद्ध शिकवायला कविता आणि चित्रपट हाताशी घ्यावेत, यावर आता फारसे कुणाचे दुमत नसते. ते घेऊन वर्गात करायचे काय, यावर मात्र जपानी शिक्षकांचे सत्तर वर्षांपूर्वीच चांगले वाजले होते. हिरोशिमाच्या निमित्ताने ते आठवलेले बरे.

ओसादा आराता हे हिरोशिमा विद्यापीठातले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. स्फोटात जबर जखमी होऊन वाचलेले. शहरातल्या मुलांकडून त्यांनी त्या दिवसाच्या आठवणी लिहून घेतल्या. हजारावर लेख जमले. त्यांतले १०५ निवडून १९५१ मध्ये ‘अणुबॉम्बची मुले’ हे पुस्तक निघाले. त्याच वर्षी तोगे सांकिची या कवीने अणुबॉम्बवरच्या आपल्या कविता सायक्लोस्टाइल करून वाटल्या. देश अमेरिकी ताब्यात, छापखान्यावर नजर, आणि कोरियात पुन्हा अणुबॉम्ब वापरण्याची शक्यता अध्यक्ष ट्रुमन यांनी नुकतीच बोलून दाखवलेली. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्याने पोखरलेल्या या माणसाने स्वतःच्या कवितांवर न थांबता पुढच्या वर्षी मुलांच्या आणि सामान्य नागरिकांच्या कवितांचा संग्रहही संपादित केला. १९५३ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तो गेला, वय ३६. कविता ‘शिकवण्या’आधी ज्यांच्यावर बेतले त्यांच्याकडून ती लिहून घ्यावी, हे ओसादा आणि तोगे या दोघांना कळले होते.

जपानी शिक्षक संघटनेने ओसादांच्या पुस्तकावर चित्रपट काढायचे ठरवले. दिग्दर्शक शिंदो कानेतो, मूळचे हिरोशिमाकडचेच. त्यांच्या १९५२ च्या चित्रपटात बालवाडीची एक शिक्षिका काही वर्षांनी शहरात परतते आणि आपल्या वर्गातली वाचलेली मुले शोधत घरोघर हिंडते. वाटेत तिला घरचा जुना गडी भेटतो, भाजलेला, आंधळा, भीक मागून जगणारा. त्याचा एकुलता नातू अनाथाश्रमात आहे. ती म्हणते, मी मुलाला घेऊन जाते, शिकवते. म्हातारा नकार देतो. त्याच्यापाशी तेवढेच उरलेले असते. सावरायला आलेल्या माणसाची मदत हिसकावून नेल्यासारखी वाटू शकते, हे इतक्या साधेपणाने दाखवणारे प्रसंग पडद्यावर थोडे आहेत.

संघटनेला चित्रपट पसंत पडला नाही. तो नुसता रडवतो, बॉम्ब का पडला, कुणी टाकला यावर बोलत नाही, अशी तक्रार. मग वर्षभरात दुसरा चित्रपट, सेकिगावा हिदेओ यांचा ‘हिरोशिमा’. त्यात शहरातले हजारो लोक गर्दी म्हणून उभे राहिले आणि त्यांच्यातले कितीतरी त्या दिवशी खरोखर त्या गर्दीत होते. वितरक कंपनीने काटछाट मागितली, ती नाकारली गेली, आणि चित्रपटाला मोठे वितरण मिळाले नाही. पुढे फ्रेंच दिग्दर्शक आलाँ रेने यांनी १९५९ च्या आपल्या चित्रपटात त्यातली दृश्ये घेतली, तेव्हा जगाने ती पाहिली.

सेकिगावांच्या चित्रपटाची सुरुवातच वर्गात होते. बॉम्बहल्ल्याची हकीकत ऐकवली जात असताना एका मुलीच्या नाकातून रक्त येऊ लागते. तिला रक्ताचा कर्करोग आहे. तेव्हा शिक्षकाच्या ध्यानात येते की, आपल्यासमोर बसलेल्यांपैकी किती जणांनी तो दिवस अंगावर घेतला आहे हे आपल्याला माहीतच नाही. तो विचारतो, आणि हात वर होतात.

आमचे मत विचाराल तर शिक्षकांची तक्रार अर्धीच खरी होती. कारण विचारल्याशिवाय युद्ध शिकवता येत नाही हे बरोबर. पण कारणांची यादी मिळाली म्हणून म्हाताऱ्याच्या नकाराचा अर्थ लागत नाही. वर्गाला दोन्ही चित्रपट लागतील. आणि दुसऱ्यातला तो शिक्षक तर आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाने पाहावा. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे धाडत आले आहे. अशा गावातल्या वर्गात युद्धाची कविता काढताना कुणाचा बाप आत्ता सीमेवर आहे, कुणाचा परत आला तो रात्री झोपत नाही, हे आधी ठाऊक नको? एखादे मूल उठून बाहेर गेले तर जाऊ द्यावे, हेही त्यातच आले.

आपल्याकडे कविता वर्गात शिरते ती रसग्रहणासाठी. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. तीन मथळे, खाली चार-चार ओळी, गाइडातून पाठ. दुसऱ्या महायुद्धाच्या सावलीतली मर्ढेकरांची कविताही याच चरकातून निघते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी सायरनच्या रंगीत तालमी झाल्या आणि वाहिन्यांवर रात्रभर नकाशे लाल होत राहिले, तेव्हा मुलांनी युद्धाचा धडा तिथूनच घेतला. सुट्टी संपून शाळा उघडल्यावर मराठीच्या तासाला त्यावर एक वाक्यही निघाले नसेल, अशा शाळा किती असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

हिरोशिमातल्या मोतोमाची हायस्कूलमध्ये २००७ पासून वेगळे काम चालते. चित्रकलेची मुले एकेका हिबाकुशाबरोबर, म्हणजे त्या स्फोटातून वाचलेल्या माणसाबरोबर, जवळजवळ वर्षभर बसतात आणि त्याची आठवण तैलरंगात उतरवतात. आभाळाचा रंग कसा होता, पाण्यातल्या माणसाचा हात कसा वळला होता, अंगावरच्या चिंध्या कुठवर होत्या, असे विचारत जायचे. कच्चे रेखाटन नेऊन दाखवायचे, ‘असे नव्हते’ ऐकायचे, पुन्हा काढायचे. आजवर अशी दोनशेहून अधिक चित्रे झाली. सोळा वर्षांच्या पोरीला ऐंशीच्या आजोबांना तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो, आणि लग्ने मोडतील, नोकरी मिळणार नाही या धास्तीने आयुष्यभर गप्प राहिलेल्यांच्या पिढीतले ते आजोबा उत्तर शोधू लागतात. याला उपचार म्हणू नये. पण ऐकणारा घाईत नाही, एवढे तरी त्यांना कळते.

अर्थात आपल्याच जखमेकडे पाहत बसण्याचाही धोका आहे. तो हिरोशिमाच्याच कुरिहारा सादाको या कवयित्रीने ओळखला. स्फोटानंतर तळघरातल्या एका बाळंतपणावर तिने लिहिलेली कविता जपानभर माहीत आहे. पण पुढे १९७० च्या दशकात तिने दुसरी एक कविता लिहिली, जिच्यात हिरोशिमाचे नाव काढताच समोरून नानजिंग आणि मनिला ही नावे येतात. जपानी सैन्याने तिथे केले ते कबूल केल्याशिवाय आपल्या दुःखाला जग सहज साद देणार नाही, असा तिचा रोख. स्वतःच्या देशाबद्दल असे लिहिणारी कविता पाठ्यपुस्तकात घ्यायला आपल्याकडची किती मंडळे धजावतील?

धीर तिकडेही कमी पडतो म्हणा. नाकाझावा केइजी सहा वर्षांचे असताना शाळेच्या भिंतीआड सापडल्याने वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. त्यावरून त्यांनी ‘अनवाणी गेन’ ही चित्रकथा १९७३ पासून काढली, तिचा १९८३ मध्ये चित्रपट झाला. हिरोशिमा शहराच्या शांतता-शिक्षणाच्या पुस्तकात तिचा उतारा होता. २०२३ मध्ये तो वगळण्यात आला. उताऱ्यात गेन हा पोरगा आजारी आईला खायला घालण्यासाठी दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरतो, आणि यातून मुलांचा गैरसमज होईल, असे शिक्षण मंडळाचे म्हणणे. आता गेनने चोरले ते बरोबर की चूक, यावर कुठल्याही सातवीच्या वर्गात अर्धा तास भांडण होईल, तळ्याच्या मालकाची बाजू घेणारेही निघतील, आणि मासा का चोरावा लागला हे कुणीतरी विचारेलच. उतारा ठेवायचा तो नेमका यासाठी.