भूत दाखविले, न्यायाधीश लपविला

शहापूर, जवाहरनगर, भंडारा या पट्ट्यातील कितीतरी मुले-मुली आज शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात राहतात. दिवाळीत गावी आली की घरची वडीलधारी माणसे कौतुकाने विचारतात, “शनिवारवाडा पाहिलास का?” पूर्वी या प्रश्नाच्या उत्तरात थोरल्या बाजीरावांचे नाव निघे, दिल्ली दरवाजाच्या अणकुचीदार खिळ्यांचे वर्णन निघे. आता वेगळे उत्तर कानी पडू लागले आहे. पैसे भरून संध्याकाळी ‘भूतफेरी’ केली, वाटाड्याने वाड्यासमोर अंधारात उभे केले, मोबाइल बंद करावयास सांगितले आणि आवाज बारीक करून ‘काका, मला वाचवा’ ऐकविले! हे काका कोण, वाचवा म्हणणारा कोण आणि त्यानंतर काय झाले, असे विचारावे तर गाडी तेथेच अडते.

भूतफेरी ही काही आपल्या मातीतील उपज नव्हे. इंग्लंडमधील यॉर्क शहरात १९७३ पासून अशा फेऱ्या निघतात. तेथून हा धंदा जगभर पसरला. आपल्याकडे तर खुद्द दिल्लीच्या पर्यटन खात्याने २०२३ साली तुघलककालीन मालचा महालापासून असा उपक्रम सुरू केला. त्या पडक्या शिकारखान्यात स्वतःला अवधच्या राजघराण्यातील म्हणविणारी एक स्त्री मुलांसह राहत होती. १९९३ साली तिने तेथेच जीव दिला. राजघराण्याचा तिचा दावा पोकळ होता, हे २०१९ मध्ये उजेडात आले. दारिद्र्य, भ्रम आणि एकाकीपणा यांत संपलेल्या एका कुटुंबाची ही करुण कहाणी. तिचा शासकीय उपयोग काय, तर लोकांना शहारे आणण्यासाठी! राजस्थानातील भानगडच्या किल्ल्यावर सूर्यास्तानंतर प्रवेशबंदीचा पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. असे वेळेचे बंधन देशातील असंख्य संरक्षित वास्तूंना आहे, पण भानगडच्या फलकाचे छायाचित्र ‘सरकारनेही भूत मान्य केले’ अशा थाटात घरोघरी फिरते.

पुण्याच्या भूतफेरीत शनिवारवाडा हे हमखास ठिकाण. संध्याकाळनंतर वाड्याचे दार बंद होते, त्यामुळे मंडळी दाराबाहेरच थांबतात आणि पौर्णिमेच्या रात्री (कोणी अमावास्या सांगतो) आतून येणाऱ्या किंकाळीचे वर्णन ऐकतात. आत जे घडले ते मात्र रात्रीचे नव्हतेच. ३० ऑगस्ट १७७३ ही तारीख. गणेशोत्सवाचे दिवस. भर दुपारी, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. जेमतेम अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव जीव मुठीत धरून चुलते रघुनाथरावांच्या दालनाकडे धावले आणि त्यांना मिठी मारून बसले. सुमेरसिंग गारदी आणि रघुनाथरावांचाच सेवक तुळाजी पवार यांनी ती मिठी सोडविली. चापाजी टिळेकर नावाचा इमानी सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही कापला गेला. हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य सत्तेच्या राजधानीत, राज्याच्या मुख्य वाड्यात, सूर्य डोक्यावर असताना हे घडले. याहून भयंकर ते काय असावयास हवे? तरीही वाटाड्याला चंद्र लागतो, वटवाघळे लागतात.

गोष्ट येथे थांबली की तिचे भूत होते. ती पुढे नेली की तिचा इतिहास होतो. पुढचा भाग असा, की रघुनाथरावांनी पेशवाईची वस्त्रे मिळविली, सर्व सूत्रे हाती घेतली आणि आता आपणास विचारणारा कोणी नाही अशा समजुतीत ते वावरू लागले. विचारणारा एक जण होता. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे, पेशव्यांचे न्यायाधीश. सत्ताधीश हाच संशयित असताना त्यांनी चौकशी केली, पुरावा गोळा केला आणि रघुनाथरावांना दोषी ठरविले. या अपराधाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी तोंडावर सुनावले आणि ते पद सोडून निघून गेले, असे परंपरा सांगते. १७७३ साली युरोपातील किती दरबारांत न्यायाधीशाने गादीवरील धन्याला खुनी म्हटले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणि पुढे? रघुनाथराव मोहिमेवर असताना नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदी मुत्सद्दी एकत्र आले. बारभाईंचे कारस्थान म्हणून शालेय पुस्तकात ज्याची एका ओळीत बोळवण होते, ते वास्तविक गुन्हेगाराला गादीवरून खाली खेचणारे राजकारण होते. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर सुरक्षित हलविण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि दीड महिन्याच्या आत त्या तान्ह्या बाळाच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली. काका मात्र इंग्रजांच्या वळचणीला गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेस जो तह झाला त्यात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई देऊ केली. ज्या वसईसाठी चिमाजीअप्पांच्या फौजेने १७३९ साली रक्त सांडले, ती वसई! १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत नेणारा हाच पुरुष पंधरा-सतरा वर्षांत एवढा घसरला. पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेला जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मान तुकवून तह करावा लागला, हा या गोष्टीचा उत्तरार्ध. पण त्यात किंकाळी नाही. म्हणून तो फेरीतही नाही.

‘ध’चा ‘मा’ मात्र असतो! ‘धरावे’चे ‘मारावे’ करणारी आनंदीबाई तर या खेळातील हुकमी पात्र. आनंदीबाईंच्या हातची ती खाडाखोड असलेला कागद आजवर कोणीही पुढे ठेवलेला नाही. रामशास्त्र्यांनी शोधून काढलेला अपराधी पुरुष बाजूला राहतो आणि लोककथेतील स्त्रीवर सारा दोष जातो. अंधारात उभ्या असलेल्या पंचवीस माणसांपैकी एकालाही त्याबद्दल शंका विचारावीशी वाटत नाही.

हेच पुणेकरांच्या आजोबांना ठाऊक नव्हते असे नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली रंगभूमीवर आले. १९४४ साली प्रभात कंपनीने ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला. दोन्ही वेळा देश पारतंत्र्यात होता आणि दोन्ही कलाकृतींचा नायक मारला गेलेला राजपुत्र नव्हता. नायक होता तो सत्तेपुढे न वाकणारा न्यायाधीश. पारतंत्र्यातील प्रेक्षकाला त्या वाड्यातून न्याय ऐकू आला आणि स्वतंत्र देशातील प्रेक्षकाला ‘काका, मला वाचवा’, यास प्रगती म्हणावयाचे काय?

येथे आपल्या घरातील एक गोष्टही मान्य केली पाहिजे. पेशवाईचा अभिमान बाळगणाऱ्या अनेकांना १७७३ चे ते पान अडचणीचे वाटते. अटक सांगताना छाती फुगते, नारायणराव आले की विषय बदलला जातो. अशा झाकलेल्या जागेतच भुते राहावयास येतात. घरातील भाऊबंदकी, गादीचा लोभ, भाडोत्री शिपायांवर टाकलेला विश्वास आणि परक्याचे साहाय्य घेण्याची खोड, हे सारे उघडपणे सांगण्याचे धैर्य अभिमानी माणसाने दाखविले असते तर वाटाड्याला एवढे रान मोकळे मिळते ना.

फेरीचे समर्थक म्हणतील, निदान या निमित्ताने तरुण वाड्यापाशी येतात तरी! हा मुद्दा सर्वस्वी टाकाऊ नाही. रात्रीच्या शांततेत जुनी पेठ पायी पाहणे हा आनंदाचा अनुभव आहे, आणि अनेक अभ्यासू मंडळी अशा फेऱ्या इतिहासासाठी निष्ठेने काढतातही. आक्षेप रात्रीला नाही, पायी चालण्यालाही नाही. एवढ्या लांब आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठविले जाते, हा आक्षेप आहे. १७३० च्या जानेवारीत पाया घातला गेलेली ही वास्तू, १७ नोव्हेंबर १८१७ रोजी तिच्यावर चढलेला युनियन जॅक, फेब्रुवारी १८२८ च्या आगीत कित्येक दिवस जळत राहिलेले तिचे मजले. हे सांगावयास अर्धा तास पुरतो.

बरे, भूतकथेचे वावडे आपल्या परंपरेला कधीच नव्हते. मुंजा, हडळ, खवीस, ब्रह्मसमंध यांची आजीच्या गोष्टींत वर्दळ असे. वेताळ तर सर्वांचा राजा. परंतु वेताळपंचविशीतील वेताळ काय करतो? विक्रमाच्या खांद्यावर बसून तो गोष्ट सांगतो आणि गोष्ट संपताच प्रश्न टाकतो: यात दोषी कोण? श्रेष्ठ कोण? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील! आपले भूतसुद्धा श्रोत्याला न्याय करावयास लावीत असे. विकत घेतलेले भूत काहीच विचारीत नाही.

गेलेल्या जिवाचे काय करावयाचे, याचीही आपल्याकडे रीत आहे. शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीस करतात. नारायणरावांचा वध भाद्रपदाच्या शुद्ध पक्षातला, म्हणजे ती तिथी अवघ्या पंधरा दिवसांवर. अपघाती, अकाली गेलेल्याला नावाने आठवावे, पाणी द्यावे, त्याची वाट मोकळी करावी, हा त्यामागील भाव. त्या अठरा वर्षांच्या मुलाला मात्र अडीचशे वर्षांनंतरही रोज संध्याकाळी तिकीट लावून पुन्हा मारले जाते.

या करमणुकीला आणखी एक बाजू आहे आणि ती पूर्व विदर्भातील वाचकास अधिक जवळून ठाऊक आहे. शहरी माणसाला भूत म्हणजे शनिवारची मौज. खेड्यात त्याच शब्दाने माणसे मरतात. करणी केली, भूत लावले, अशा नुसत्या संशयावरून वृद्ध स्त्रियांना मारहाण होते, कुटुंबांना गाव सोडावे लागते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो यासाठीच. तापाने फणफणलेल्या पोराला मांत्रिकाकडे नेणाऱ्या बापाला अडाणी म्हणणारे सुशिक्षितच पुण्यात पैसे मोजून ‘येथे अजूनही काहीतरी आहे’ हे ऐकावयास रांग लावतात. खेड्यातील बाप निदान पोराच्या काळजीने गेलेला असतो.

हे लोण शहापूरच्या परिसरात यावयास फार काळ लागेल असे नाही. तुमसरजवळ सातपुड्याच्या कुशीत आंबागड किल्ला आहे. देवगडच्या बख्तबुलंद शहाचा सुभेदार राजाखान याने तो बांधविला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा कैदखाना केला आणि आतील विहिरीचे साचलेले विषारी पाणी कैद्यांना पाजले जाई, अशी कथा सांगतात. भूतफेरीवाल्यास आणखी काय हवे? अंधार आहे, कडा आहे, विहीर आहे. किल्ला कोणी व का बांधला, गोंड राजांच्या काळी या मुलुखाचा कारभार कसा चाले, भोसल्यांना या आडबाजूस कैदखाना का लागला, हे प्रश्न त्या विहिरीत बुडावयास वेळ लागणार नाही.

वैनगंगेकाठी पवनी आहे. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग यांनी उत्खनन करून प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आणला. मुचलिंद नागाचे शिल्प तेथे निघाले. महाक्षत्रप रूपिअम्म याचा स्तंभलेख याच गावचा. आजही घाट आहेत, देवळे आहेत, जुन्या तटबंदीचे अवशेष आहेत. दोन हजार वर्षांचे हे नगर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आहे आणि भंडाऱ्यातील किती शाळांच्या सहली तेथे जातात, हे मुख्याध्यापकांनीच आपल्या नोंदवहीत पाहावे.

आंबागडाच्या पायथ्याशी अजून तिकीटघर उभे राहिलेले नाही. इतिहासाच्या शिक्षकाने हिवाळ्यातील एखादा रविवार काढावा, नववी-दहावीची मुले सकाळच्या उन्हात गडावर न्यावीत, त्या विहिरीच्या काठी बसवावीत आणि कैद्यांची कथा सांगून झाल्यावर वेताळासारखे विचारावे, “यात दोषी कोण?”