अधिकारपदाची भाषा

कंपन्यांचे व्यवस्थापक व सरकारी अधिकारी यांना हल्ली बोलण्याचे रीतसर शिक्षण देण्यात येते. वार्ताहरांपुढे कसे उभे राहावे, संकटसमयी निवेदन कसे करावे, भाषण कसे रंगवावे, हे त्यांस शिकवितात. आम्ही शिक्षक, कोणत्याही शिक्षणास नाक मुरडणे आम्हांस शोभणार नाही. मात्र या विद्येची परीक्षा सभागृहात न घेता नदीकाठी घ्यावी, असे आमचे मत आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पावसात तिळारी धरणाचे पाणी सोडावे लागले आणि डिचोली तालुक्यातील साळ, तसेच पेडण्यातील इब्रामपूर, हसापूर, चांदेल या गावांत पूर शिरला. धरण महाराष्ट्रात, खालचा काठ गोव्यात. अशा वेळी 'अमुक घनमीटर प्रतिसेकंद विसर्ग' हे वाक्य अभियंत्यास पुरते. ज्याची म्हैस गोठ्यात बांधलेली आहे त्याने त्यातून काय उमजावे? पाणी किती वाजता पोचेल, मागील पुराच्या खुणेच्या वर चढेल की खाली राहील, गुरे कोठे न्यावीत, एवढेच त्यास हवे असते. आणि जे ठाऊक नाही, ते 'अद्याप ठाऊक नाही, पाच वाजता पुन्हा सांगू' असे म्हणण्याचे धैर्य हवे. या विद्येतील हाच पाठ आम्हांस सर्वांत अवघड वाटतो. अधिकारावरील मनुष्यास अज्ञान कबूल करणे जड जाते. (शिक्षकांसही जाते, हे आमचे विद्यार्थी जाणतातच.)

शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. आम्ही घरी कोंकणी बोलतो, वर्गात मराठीतून शिकवितो आणि परिपत्रके इंग्रजीत वाचतो. मग सूचना कोणत्या भाषेत द्यावी? याचा वस्तुपाठ गोव्यातच आहे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडील रानातून गुप्त नभोवाणी चालविली, ती पोर्तुगीज व कोंकणी भाषांत. डिसेंबर १९६१ मध्ये शरणागतीची वार्ता याच दोघांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून, याच दोन भाषांत गोव्यास ऐकविली. राज्यकर्त्यांस त्यांची भाषा, रयतेस तिची.

यंदा आम्ही नववीच्या वर्गास विसर्गाची एक काल्पनिक सूचना दिली व ती आजीस कळेल अशी लिहावयास सांगितली. एका मुलीने लिहिले, "आजी, आज रात्री पाणी अंगणाच्या पायरीला लागेल. लवकर जेवून घे आणि गाय सोडून देवळाकडे चल." ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या. त्या दुरुस्त करून आम्ही पूर्ण गुण दिले.