विश्लेषण : सार्स आठ महिन्यांत आटोक्यात आला, कोविड का नाही?

माणसाला बाधणारे कोरोना विषाणू सात. त्यांतल्या चार विषाणूंमुळे बहुतेकांना साधी सर्दी होते. उरलेले तीन, म्हणजे सार्स, मर्स आणि कोविड-१९ या आजारांचे विषाणू, फुप्फुसांत खोलवर उतरतात. या तिघांत सर्वांत जीवघेणा मर्स; पण सर्वाधिक बळी घेतले ते तुलनेने ‘सौम्य’ कोविडने. हे उलटे गणित कसे?

सार्सची साखळी कशी तुटली?

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात नोव्हेंबर २००२ मध्ये पहिले रुग्ण दिसले. २१ फेब्रुवारी २००३ रोजी तिथला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला. तिथल्या पाहुण्यांबरोबर विषाणू हनोई, सिंगापूर आणि टोरांटोपर्यंत पोहोचला. जगभरात ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू. म्हणजे दहांतला जवळपास एक दगावला. भारतात तीन संभाव्य रुग्ण नोंदले गेले, मृत्यू एकही नाही. ५ जुलै २००३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने संसर्गाची साखळी तुटल्याचे जाहीर केले. तेव्हा हाती ना लस होती, ना खात्रीचे औषध. ताप तपासणे, रुग्णाला वेगळे ठेवणे, संपर्कातल्यांचा शोध घेणे, एवढ्यावरच काम झाले.

मग हेच उपाय कोविडला का पुरले नाहीत?

कारण वेळेचे गणित. सार्सच्या रुग्णाच्या शरीरात विषाणूचे प्रमाण आजाराच्या साधारण दहाव्या दिवशी टिपेला पोहोचे. तोवर तो माणूस तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झालेला असे. कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस इतरांना संसर्ग देऊ लागतो. काहींना तर लक्षणे येतच नाहीत. अशांना तापमापक काय पकडणार? २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात महासाथीशी निगडित सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

फुप्फुसांत नेमके काय बिघडते?

सार्स आणि कोविडचे विषाणू पेशीवरच्या ‘एसीई-२’ या प्रथिनाला चिकटून आत शिरतात. मर्सचा विषाणू ‘डीपीपी-४’ला. वायुकोशांच्या नाजूक भिंतींना सूज येते, त्यांत द्रव झिरपतो आणि प्राणवायू रक्तात जाईनासा होतो. कोविडमध्ये अनेकदा पहिला आठवडा बरा जातो आणि दुसऱ्यात प्रकृती ढासळते. तोवर विषाणू ओसरू लागलेला असतो. नुकसान करते ती शरीराचीच बेभान झालेली प्रतिकारशक्ती.

म्हणूनच डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने स्टेरॉइड कामी आले. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये आले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधील मृत्यू या औषधाने सुमारे एक-तृतीयांशाने घटले, प्राणवायूवर असलेल्यांमधील एक-पंचमांशाने. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीही फायदा झाला नाही. हा शेवटचा भाग आपल्याकडे पुरेसा पोहोचलाच नाही. दुसऱ्या लाटेत अनेकांनी पहिल्याच दिवसांत, घरच्या घरी स्टेरॉइड सुरू केले. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, साखर वाढते. त्यात आधीचा मधुमेह असेल तर काळ्या बुरशीला रान मोकळे मिळते. महाराष्ट्राने ते २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिले.

मर्स अजून आहे का?

आहे. २०१२ मध्ये सौदी अरेबियात सापडलेल्या या विषाणूचा मुक्काम एककुबडी उंटांत आहे, त्यामुळे तो अधूनमधून माणसात येतच राहतो. आजवर २,६०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले एक-तृतीयांशाहून जास्त दगावले. सौम्य रुग्ण नोंदीतून सुटत असल्याने खरा मृत्युदर कमी असू शकतो.

माणसाकडून माणसाकडे तो सहज जात नाही. रुग्णालय मात्र त्याला अपवाद. २०१५ मध्ये आखाती देशांतून दक्षिण कोरियात परतलेला एक रुग्ण निदान होण्याआधी एकामागून एक रुग्णालये फिरला. त्या साखळीत १८६ जणांना लागण झाली, ३८ दगावले. मर्सवर मान्यताप्राप्त लस अद्याप नाही. हज, उमरा किंवा नोकरीनिमित्त आखातात जाऊन आल्यावर १४ दिवसांच्या आत ताप, खोकला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती आधी द्यावी. कोरियात त्या पहिल्या रुग्णाचे निदान लांबण्यामागे हीच माहिती वेळेवर न मिळणे हे एक कारण होते.